नकाशा, नोंदवही आणि मित्र: फँटसी वॉरगेम मोहिमांचा मागोवा

मिनिएचर वॉरगेममधली मोहीम म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या लढायांची मालिका. रंगवलेले छोटे सैनिक टेबलावर मांडायचे, मोजपट्टीने अंतर मोजायचे, फासे टाकायचे; अशी सुटी लढाई एका संध्याकाळीत निकाली निघते. मोहिमेत मात्र तिचा हिशेब पुढे चालू राहतो. कापली गेलेली तुकडी पुढच्या बैठकीतही नसते आणि गमावलेला घाट शत्रूकडेच राहतो. हे सगळे सांभाळायला नकाशा, नोंदवही आणि महिनोन्‌महिने एकत्र येणारी मित्रमंडळी लागते. मोहिमा मोडतात त्या बहुधा एकाच कारणाने: जिंकणारा जिंकतच जातो आणि मागे पडलेल्यांचा खेळातला रस संपतो. या दुखण्यावर प्रत्येक पिढीने आपापला उपाय शोधला.

खेळण्यातल्या सैनिकांभोवती काल्पनिक राज्ये उभारण्याची हौस वॉरगेमच्या छापील नियमांहून जुनी आहे. 1826 मध्ये पॅट्रिक ब्राँटे यांनी लीड्सहून मुलगा ब्रॅनवेलसाठी लाकडी सैनिकांचा संच आणला. ब्रॅनवेल आणि त्याच्या बहिणींनी त्या सैनिकांना नावे दिली, त्यांचे देश रचले आणि त्यांचा इतिहास बारीक अक्षरात लिहून काढला. प्रशियाच्या सैन्यात रायस्वित्झ पितापुत्रांनी विकसित केलेला युद्धखेळ त्याच काळातला. मुलाचे नियम 1824 मध्ये प्रसिद्ध झाले. हा खेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी होता. घरच्या फरशीवर खेळायचे सोपे नियम एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात दिले.

फँटसी मोहिमेची खरी सुरुवात मात्र इंग्लंडमधल्या टोनी बाथ यांच्यापाशी होते. 1950 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘हायबोरिया’ ही मोहीम सुरू केली. नकाशा त्यांनी रॉबर्ट ई. हॉवर्ड यांच्या कोनान-कथांच्या जगातून घेतला. टेबलावरची सैन्ये प्राचीन आणि मध्ययुगीन धाटणीची होती. जादूटोण्याला त्यात फारसे स्थान नव्हते. मित्रांनी एकेक देश वाटून घेतला, काहींनी टपालाने भाग घेतला आणि बाथ स्वतः पंच व इतिहासकार झाले. बाथ यांचे मोठेपण असे, की मोहिमेचा जीव त्यांनी माणसांमध्ये पाहिला. राजे, सरदार आणि सेनापती यांचे स्वभाव ते पत्त्यांच्या कॅटमधून पाने ओढून ठरवत. कोणी निष्ठावंत निघे, कोणी लोभी, कोणी आळशी. त्यामुळे जिंकत चाललेल्या राजालाही स्वतःचाच सेनापती डोईजड होऊ शकत असे. पुढे निघून गेलेल्याला घरातूनच अडवणारा हा उपाय आजही सर्वांत समृद्ध वाटतो, फक्त त्यासाठी बाथ यांच्यासारखा चिकाटीचा पंच लागतो. 1965 मध्ये त्यांनी ‘सोसायटी ऑफ एन्शंट्स’ स्थापन केली आणि 1973 मध्ये मोहीम कशी उभारावी यावर पुस्तकच लिहिले. नकाशा, खजिना, रसद, हवामान, पात्रे यांची त्यातली मांडणी पुढच्या अनेक मंडळांना वाट दाखवणारी ठरली.

अटलांटिकपलीकडे वेगळेच काही घडत होते. 1969 मध्ये मिनेसोटात डेव्हिड वेझली यांनी नेपोलियनच्या काळातली ‘ब्राउनस्टाइन’ नावाची लढाई बेतली आणि खेळाडूंना तुकड्यांऐवजी गावातल्या व्यक्तींच्या भूमिका दिल्या. सैन्ये टेबलावर भिडण्याआधीच खेळाडू कोपऱ्यांत जाऊन कारस्थाने करू लागले. प्रयोग फसला असे वेझली यांना वाटले. मित्रांनी मात्र पुन्हा खेळायचा आग्रह धरला. त्याच मंडळातले डेव्ह आर्नेसन यांनी 1971 मध्ये ही कल्पना मध्ययुगीन सरहद्दीवरच्या ‘ब्लॅकमूर’मध्ये नेली. खेळाडू जहागिरी राखणारे वीर झाले आणि किल्ल्याखाली भुयारांचे जाळे आले. तिथला खजिना असा भुलवणारा ठरला, की खेळाडू भुयारांत रमले आणि वर किल्ल्याचे रक्षण ढिले पडले. किल्ला शत्रूच्या हाती गेला आणि वीरांना परागंदा व्हावे लागले. आर्नेसन यांनी तो पराभव पुसला नाही. हद्दपारीतूनच मोहीम पुढे नेली. हरलेल्या बाजूला नवी जागा आणि नवे काम देण्याचा इतका चांगला नमुना दुसरा क्वचितच सापडेल.

लढायांसाठी आर्नेसन यांनी आधार घेतला तो गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’चा. 1971 च्या या मध्ययुगीन नियमावलीच्या शेवटी जादूगार, वीर, ड्रॅगन यांच्यासाठी फँटसी पुरवणी होती. अमेरिकेत 1965 पासून टोल्किन यांच्या कादंबऱ्या पेपरबॅकमध्ये मिळू लागल्या होत्या. या पुरवणीची मागणी तिथून आली. राक्षसांच्या प्रतिकृती बाजारात जवळजवळ नव्हत्याच. गायगॅक्स यांनी प्लास्टिकच्या डायनासोरचा ड्रॅगन केला आणि स्वस्तातल्या खेळण्यांच्या पाकिटातून निघालेल्या विचित्र प्राण्यांना नावे व गुणधर्म दिले. आर्नेसन आणि गायगॅक्स यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये आला. मुखपृष्ठावर त्याची ओळख कागद, पेन्सिल आणि मिनिएचर वापरून खेळायच्या ‘वॉरगेम मोहिमां’चे नियम अशीच होती. पुढे त्यातून भूमिका-खेळांची स्वतंत्र शाखा फुटली आणि अनेक टेबलांवर सैनिक मागे पडले.

सैनिक परत आले ते ब्रिटनमधून. ब्रायन अ‍ॅन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली यांचा ‘वॉरहॅमर’ 1983 मध्ये निघाला. सुरुवातीच्या वर्षांत त्यासोबत तयार मोहिमांच्या पेट्या येत; 1986 ची ‘द ट्रॅजेडी ऑफ मॅकडेथ’ सरळसरळ शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’वर बेतलेली होती. 1990 च्या ‘मायटी एम्पायर्स’ने षटकोनी तुकड्यांचा नकाशा दिला. ते तुकडे जुळवून नवा खंड रचणे फार देखणे काम होते. पण ज्याच्याकडे मुलूख जास्त त्याचे सैन्य मोठे, हे जुने दुखणे नकाशासोबत परत आले. शिवाय शे-दीडशे सैनिक रंगवून होईपर्यंत नव्या खेळाडूचा उत्साह ओसरायचा.

या दोन्ही अडचणींचे सर्वांत नेटके उत्तर 1999 च्या ‘मॉर्डहाइम’मध्ये मिळाले. तुओमास पिरिनेन हे त्याचे प्रमुख रचनाकार. धूमकेतू कोसळून उद्ध्वस्त झालेल्या शहरात प्रत्येक खेळाडू एक टोळी उतरवतो. बहुतेक टोळ्यांना सुरुवातीला 500 सुवर्णमुद्रा मिळतात आणि त्यांत दहा-पंधरा माणसे बसतात. एवढे सैनिक महिन्याभरात रंगवून होतात. प्रत्येक वीराला नाव असते. लढाईनंतर पडलेल्या वीरासाठी फासे टाकावे लागतात: कोणी मरतो, कोणाचा डोळा जातो, कोणी जखमेचे वैर मनात धरून परततो. आपल्याहून तगड्या टोळीशी लढणाऱ्याला जादा अनुभव मिळतो, म्हणजे मागे पडलेल्याला टेबलावर येण्याचे कारण नियमच देतात. बाथ यांनी पत्त्यांनी साधलेले काम इथे फाशांनी आणि तक्त्यांनी केले, आणि कायम राबणाऱ्या पंचाची गरज उरली नाही. प्रकाशकांनी हात काढून घेतल्यावरही खेळाडूंनी हा खेळ जिवंत ठेवला, याचे आश्चर्य वाटू नये.

याउलट ‘वॉरहॅमर’च्या 2004 मधल्या ‘स्टॉर्म ऑफ केऑस’ या मोहिमेत जगभरच्या खेळाडूंनी आपापल्या लढायांचे निकाल एकत्र नोंदवले. कल्पना भव्य होती, पण पुढे त्या मोहिमेचा निकाल कथेतून बाजूला ठेवला गेला. 2014-15 च्या ‘एंड टाइम्स’ पुस्तकांनी ‘वॉरहॅमर’चे जगच संपवले. ज्यांनी निकाल नोंदवले त्यांच्या हातात कथेची सूत्रे नव्हती. चार मित्रांच्या मोहिमेत ती असतात.

2015 मध्ये जोसेफ मॅक्कलो यांचा ‘फ्रॉस्टग्रेव्ह’ आला. एक जादूगार, त्याचा शिष्य आणि भाडोत्री सैनिक एवढी टोळी त्याला पुरते आणि कोणत्याही कंपनीच्या प्रतिकृती चालतात. त्याच वर्षी ‘वॉरहॅमर’ची जागा घेणाऱ्या ‘एज ऑफ सिग्मार’ने सैनिकांच्या पायाखाली चौकोनी तळांऐवजी गोल तळ स्वीकारले; लहान सैन्यापासून वाढत जाण्याची ‘पाथ टू ग्लोरी’ ही त्याची मोहीमपद्धत. जानेवारी 2024 मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ने चौकोनी तळ आणि ‘वॉरहॅमर’चे जुने जग परत आणले, आणि माळ्यावर पडलेली जुनी सैन्ये पुन्हा टेबलावर आली. नव्याने जमणारी मंडळी आता बहुधा टोळ्यांपासून सुरुवात करतात, नकाशा एका खोऱ्यापुरता किंवा एका शहरापुरता ठेवतात आणि सैन्य मोहिमेबरोबर वाढू देतात. पहिल्या बैठकीत दोन गोष्टी ठरवून घ्याव्या लागतात: मोहीम किती फेऱ्यांनी थांबवायची आणि नोंदवही कोणी सांभाळायची.