मोटारीच्या पुढच्या चाकांचें वंगण

बैलगाडीच्या काळांत साटीखालीं वंगणाचें एक नळकांडें टांगलेलें असे. त्यांत एरंडेलांत बुडविलेली चिंधी आणि एक काडी, एवढाच सरंजाम. चाक करकरूं लागेपर्यंत वाट पाहणारा गाडीवान आळशी समजला जाई. शहाणा गाडीवान बैल सोडल्यावर आधीं आंसाकडे पाही आणि मग आपल्या भाकरीकडे. मोटार आली, नळकांडें गेलें, आणि वंगण ही कारखान्यांतल्या माणसानें पाहण्याची गोष्ट आहे अशी समजूत सुशिक्षित घरांतूनही रूढ झाली. आजच्या मोटारींपुरती ती फारशी चूक नाहीं. त्यांच्या पुढच्या चाकांचे सांधे बहुधा कारखान्यांतच वंगण भरून रबरी टोप्यांनीं कायमचे मिटलेले असतात. झिजले म्हणजे सबंध बदलावयाचे. पण ज्या घरीं जुनी फियाट, अँबॅसडर किंवा एखादी हेरल्ड अजून मांगराच्या सावलीला उभी आहे, त्या घरांतील मंडळींनीं ही समजूत जितक्या लवकर सोडावी तितकें बरें. असें म्हणण्याचें कारण आमच्याच घरीं घडलें, म्हणून तें आधीं सांगतों.

आमचें घर विजयदुर्गास. किल्ल्याच्या तीन बाजूंस समुद्र आणि गांवाच्या एका अंगास वाघोटणची खाडी. त्यामुळें येथें लोखंड म्हणून जें कांहीं आहे तें सदोदित खाऱ्या वाऱ्यांत उभें असतें. दाराच्या बिजागऱ्या, रहाटाचा कणा, मोटारीचें बूड, सारें एकाच रोगानें आजारी पडतें. थोरल्या काकांची गाडी म्हणजे १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी. सोलापुरास जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंदांनीं ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा पाया १९४४ सालीं घातला, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली ही गाडी मूळची इटलीच्या फियाट ११०० ची कन्या. ‘पद्मिनी’ हें नांव तिला १९७४ च्या सुमारास मिळालें. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ मध्यें अखेरची दिसेनाशी झाली, कारण टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा. खाजगी गाडीला मात्र ठराविक मुदतीनें तपासणी करून नोंदणी नवी करून घेतां येते, आणि काकांनीं ती दर वेळीं न चुकतां घेतली आहे.

गेल्या दसऱ्याला काका कणकवलीच्या स्टेशनावर पुण्याची मंडळी आणावयास गेले होते. तळेऱ्याहून विजयदुर्गाकडे येणाऱ्या रस्त्यावर एका उताराच्या वळणावर गाडी वळली ती वळलेलीच राहिली. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ व्हावयाचें तें झालें नाहीं. काकांनीं जोर लावून फिरवीपर्यंत डावें चाक रस्ता सोडून जांभ्याच्या गडग्यापासून दोन हातांवर येऊन थांबलें. गाडींत आमची सून आणि चार वर्षांचें मूल होतें. कोणाला खरचटलें देखील नाहीं. परंतु त्या रात्रीं ओटीवर जी बैठक बसली तींत गाडीविषयीं कोणी बोललें नाहीं, सारे काकांच्या वयाविषयीं बोलले. काकांना शहात्तरावें लागलें आहे. “अलीकडे माझे दंडच दुखतात, स्टिअरिंग आंवरत नाहीं हें खरें,” असें ते स्वतःच म्हणाले, आणि जानव्याला बांधलेली गाडीची किल्ली सोडून त्यांनीं समोरच्या पाटावर ठेवली. गाडी विकावी असें ठरल्यासारखेंच झालें.

आम्हांस मात्र एक गोष्ट खटकत होती. दंड दुखत असतील तर वळतांना त्रास होईल. परंतु वळण संपल्यावर चाकें आपण होऊन सरळ होतात त्यांत चालकाच्या दंडाचा संबंध काय?

हा प्रश्न नीट समजण्यासाठीं पुढच्या चाकाची रचना डोळ्यांपुढें आणली पाहिजे. फियाटचें प्रत्येक पुढचें चाक वर एक आणि खालीं एक अशा दोन फांट्यांच्या मध्यें धरलेलें असतें. खड्ड्यांत तें वरखालीं व्हावें म्हणून मोठी पिळाची स्प्रिंग आणि धक्का जिरविणारा शॉकॲब्सॉर्बर असतो. वरखालीं होणें हें एक काम झालें. दुसरें काम डावीउजवीकडे वळण्याचें. तें ज्या उभ्या पोलादी खुंटीभोंवतीं होतें तिला गॅरेजांतील मंडळी किंगपिन म्हणतात. खुंटी आणि तिच्याभोंवतीं फिरणारा भाग यांच्यामध्यें मऊ धातूच्या नळ्या असतात, त्या बुश. गाडीच्या पुढच्या भागाचें ओझें, रस्त्याचे धक्के आणि ब्रेकची ओढ हीं सारीं या अंगठ्याएवढ्या जाडीच्या खुंटीवर येतात, आणि खुंटी व बुश यांच्यामध्यें असतो तो ग्रीसचा कागदाहून पातळ थर. ही खुंटी अगदीं उभी नसते. तिचें डोकें किंचित् मागें कललेलें असतें. त्या कलण्यामुळेंच चालत्या गाडीचें वळविलेलें चाक सोडून देतांच पुन्हां सरळ होऊं पाहतें. थर सुकला, त्यांत पाणी शिरलें, गंज धरला, म्हणजे खुंटी बुशांत आंवळते. चाक वळवावयास बळ लागतें आणि वळलेलें चाक परत येत नाहीं. काकांच्या गाडीचीं लक्षणें तंतोतंत हींच होतीं.

वस्तुतः पावसाळ्यापूर्वीं गाडी एका गॅरेजांत जाऊन आली होती, आणि बिलांत ‘ग्रीसिंग’ म्हणून स्वतंत्र रक्कम लावलेली होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही गाडीखालीं जाऊन पाहिलें तों प्रत्येक निप्पलवर नवें ग्रीस बाहेरून थापलेलें, आणि त्याखालीं बंदुकीच्या तोंडाचा मागमूस नाहीं. त्या मनुष्यानें लबाडीच केली असें आम्ही म्हणत नाहीं. निप्पल तुंबलेलें असलें म्हणजे ग्रीस आंत न जातां कडेनें बाहेर येतें, आणि घाईंत असलेला मनुष्य तेंच काम झालें असें समजतो. पण घरच्या माणसानें स्वतः वाकून पाहिलें असतें तर दसऱ्याचा प्रसंग आला नसता, आणि त्या घरच्या माणसांत आम्हीही आलोंच.

निप्पल म्हणजे ग्रीस आंत घालण्याचें लहानसें बोंड. त्याच्या तोंडाशीं स्प्रिंगेवर एक बारीक गोळी असते. बंदुकीच्या दाबानें ती आंत सरते आणि दाब सुटतांच भोंक बंद करते. आज सर्वत्र दिसणारा हा नमुना ऑस्कर झर्क या संशोधकाच्या नांवानें ओळखला जातो. त्याचें पेटंट १९२९ सालचें. हातानें दाबावयाच्या ग्रीसच्या बंदुकींत जो दाब उत्पन्न होतो तो टायरांतील हवेच्या शंभर पटींपर्यंत सहज जातो. म्हणून तिच्या तोंडापुढें बोट धरूं नये, आणि मुलांच्या हातीं ती देऊं नये. कातडीखालीं शिरलेलें ग्रीस दिसावयास टांचणीच्या टोंचण्याएवढें असतें, परंतु त्याला शस्त्रक्रियेवांचून उपाय नसतो. अशा वेळीं दुखत नाहीं म्हणून घरीं बसणें घातक आहे.

ग्रीस कोणतें घ्यावें याला आमच्या किनाऱ्यावर विशेष महत्त्व आहे. ग्रीस म्हणजे तेलाला साबणानें आणलेला घट्टपणा. साबण सोड्याचा असेल तर तें पाण्यांत विरघळून जातें, तेव्हां कोंकणच्या पावसांत त्याचा उपयोग नाहीं. चुन्याच्या साबणाचें ग्रीस पाण्याला दाद देत नाहीं, मात्र फार उष्णता त्याला सोसत नाहीं. पूर्वीं तेंच वापरीत. लिथियमच्या साबणाचें ग्रीस १९४२ सालीं अमेरिकेंत क्लॅरेन्स अर्ल यानें पेटंट केलें. तें पाणी आणि उष्णता दोन्ही बऱ्यापैकीं सोसतें, आणि आज दुकानांत मिळतें तें बहुधा हेंच. दोन निरनिराळ्या साबणांचीं ग्रीसें एकत्र झालीं तर मिश्रण पातळ होण्याचा संभव असतो. याकरितां आंतील जुनें ग्रीस पुरतें बाहेर येईतों नवें भरीत राहावें. आमच्या गांवचे खारवी पूर्वीं होड्यांना उंडीचें तेल चोपडीत आणि गलबतांच्या बुडाला चुना व तेल यांचा लेप देत. त्याच न्यायानें एका शेजाऱ्यानें किंगपिनला उंडीचें तेल सुचविलें! लांकडाला जें मानवतें तें पोलादाच्या सांध्याला मानवत नाहीं. असलीं तेलें हवेनें चिकट होऊन कालांतरानें राळेसारखीं वाळतात.

आतां प्रत्यक्ष काम. गाडी सपाट, टणक जागेवर उभी करावी. आमच्या खळ्यांतील शेणानें सारवलेली जमीन जॅकखालीं खचूं लागली, म्हणून जाड फळी घालावी लागली. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावावे. जॅकनें पुढचा भाग उचलल्यावर तो भक्कम घोडीवर टेकवावा. नुसत्या जॅकच्या भरंवशावर मान काय, हातसुद्धां गाडीखालीं घालूं नये. पद्मिनी हलकी गाडी म्हणतात, तरी तिचें वजन नऊशें किलोंच्या घरांत आहे. चाकें अधांतरीं ठेवण्याचें आणखी एक कारण असें कीं, ओझें उतरल्यावर खुंटीच्या ज्या बाजूवर एरव्हीं दाब असतो तेथें फट पडते आणि ग्रीस तेथवर पोंचतें. जमिनीवर उभ्या गाडीला ग्रीस भरलें तर जेथें त्याची गरज सर्वांत अधिक तेथेंच तें जात नाहीं.

ग्रीस भरण्यापूर्वीं निप्पल रॉकेलच्या चिंधीनें लखलखीत पुसावें. आमच्या रस्त्यांवरील जांभ्याची तांबडी धूळ ग्रीसमध्यें मिसळली म्हणजे तिचें पॉलिशचें मसालें होतें, आणि बुश घासून काढण्यास याहून चांगलें साधन शोधूनही मिळणार नाहीं. मग बंदुकीचें तोंड सरळ दाबून हळूहळू पंप करावें आणि त्याच वेळीं दुसऱ्यानें स्टिअरिंग या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरवावें. आमच्याकडे हें काम काकूंनीं केलें. चाळीस वर्षें त्या गाडींत शेजारच्या जागेवर बसल्या. स्टिअरिंगमागें बसण्याचा हा त्यांचा पहिलाच प्रसंग. डाव्या चाकाचें खालचें निप्पल ग्रीस घेईना. तें पान्यानें काढून पाहिलें तों गोळी गंजून बसलेली आणि मागची वाट दगडासारख्या सुक्या ग्रीसनें भरलेली. तारेनें ती कोरली, पातळ तेल सोडलें, रात्रभर तसेंच ठेवलें आणि सकाळीं नवें निप्पल बसविलें. कित्येक जण अशा वेळीं दिवटी लावून सांधा तापवितात. ब्रेकची रबरी नळी वीतभर अंतरावर असतां तो उद्योग करूं नये. पंधरावीस पंपांनंतर आधीं तांबूस गाळ, मग काळी पेंड, आणि शेवटीं स्वच्छ पिंवळें ग्रीस कडेनें बाहेर आलें. काकूंनीं आंतून हांक मारली, “अरे, एकदम हलकें झालें रे!” ओटीवर बसलेले काका तें ऐकून उठून खालीं आले.

बाहेर आलेलें ग्रीस सारें पुसून काढावें. टायरवर किंवा ब्रेकच्या ड्रमाकडे तें जातां कामा नये. फांट्यांच्या मुळाशीं जे रबरी बुश असतात त्यांना ग्रीस लावूं नये. खनिज तेलानें रबर फुगतें व कुजतें. चाकाच्या बेअरिंगचें ग्रीस ही वेगळी गोष्ट. तें निप्पलनें न भरतां चाक उतरवून भरतात.

वंगण दिल्यावर झीज किती झाली आहे हें पाहावें, कारण झिजलेला बुश ग्रीसनें भरून येत नाहीं. अधांतरीं चाक वर आणि खालीं धरून हलवावें. खटखट लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबावयास सांगून पुन्हां हलवावें. ब्रेक दाबतांच खटखट थांबली तर दोष बेअरिंगचा. तशीच राहिली तर किंगपिन किंवा फांट्यांचे सांधे झिजले आहेत, आणि तें काम जाणत्या मेस्त्रीकडेच द्यावें.

हा सारा विधि फियाटचा झाला. ज्यांच्या घरीं स्टँडर्ड हेरल्ड असेल, जी १९६१ पासून मद्रासेंत तयार होत असे, त्यांनीं एक भेद लक्षांत ठेवावा. तिच्या पुढच्या चाकाचा उभा दांडा खालच्या बाजूस काशाच्या आट्यांत फिरतो, आणि मूळ इंग्रजी कारखान्याच्या सांगण्याप्रमाणें त्या आट्यांना ग्रीस नव्हे, तर गिअरचें नव्वद नंबरचें दाट तेल द्यावयाचें असतें. ग्रीस आट्यांत नीट पसरत नाहीं, पाणी आंत राहतें, दांडा गंजतो आणि एके दिवशीं चालत्या गाडींत मोडतो. मॉरिस मायनरच्या पुढच्या चाकांनाही असेच आटे आहेत, पण तिला ग्रीसच लागतें, आणि न दिल्यास तिचाही पाय तसाच कोसळतो. अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या नमुन्यावर १९५७ पासून २०१४ पर्यंत बंगालच्या उत्तरपाड्यास निघाली. तिला स्प्रिंगेऐवजीं पीळ घेणाऱ्या लांब पोलादी कांबी आहेत. तेव्हां आपल्या गाडीच्या हस्तपुस्तिकेंतील वंगणाचा नकाशा काढून निप्पलें एकेक करून मोजावींत. मातीच्या थराखालीं एखादें हमखास लपलेलें असतें. जुन्या गाड्यांना साधारण दीडदोन हजार किलोमीटरांनंतर हें वंगण लागतें. आमच्यासारख्या समुद्रकांठच्या मंडळींनीं किलोमीटरांवर विसंबूं नये; पावसाळ्याच्या आधीं एकदां, नंतर एकदां, आणि मधें गाडी गुडघाभर पाण्यांतून गेली तर लगेच.

काकांनीं आठ दिवसांनंतर गाडी गिऱ्यापर्यंत नेऊन आणली. वळणावर हात सैल सोडून चाक आपोआप सरळ येतें कीं नाहीं हें त्यांनीं तीनदां पाहिलें, असें बरोबर गेलेल्या पुतण्यानें सांगितलें. किल्ली पुन्हां जानव्याला गेली आहे. रात्रीं गाडी काढावयाची नाहीं आणि लहान मुलांना घेऊन तळेऱ्यापलीकडे जावयाचें नाहीं, या दोन अटी काकूंनीं घातल्या, त्या त्यांनीं कुरकुर न करतां मान्य केल्या. उजव्या बाजूचें वरचें निप्पल अजून जड जातें. नवें कोल्हापुरास सांगितलें आहे.