रात्री बारापर्यंत

३० जून, रात्रीचे पावणेअकरा. ओहायोतल्या आमच्या हॉस्पिटलची ड्यूटी रूम अर्धी रिकामी झाली आहे. बारा वाजता आमच्या ग्रुपचा करार संपतो. त्यानंतर भूल देणार दुसऱ्या कंपनीचे डॉक्टर.

इथे बरेच भूलतज्ज्ञ हॉस्पिटलच्या पगारावर नसतात. करार ग्रुपचा असतो, आणि तो गेला की त्या ऑपरेशन थिएटरमध्ये काम करायचा हक्कही बहुतेकदा त्याच्याबरोबर जातो. मेडिकेअर हा सरकारी विमा भुलेच्या १५ मिनिटांच्या एका युनिटचे जेमतेम २० डॉलर देतं. तेवढ्यात चोवीस तासांच्या ड्यूटीचा खर्च भागत नाही. तूट हॉस्पिटलला भरावी लागते. यंदा आम्ही रक्कम वाढवून मागितली, त्यांनी निविदा काढली. हिशेब मला कळतो. पण एकोणीस वर्षं इथल्या रात्री काढलेल्या माणसाला हे ई-मेलनं कळवायचं?

तो माणूस आत्ता टेबलाशी बसून वहीत लिहितोय, उद्या येणाऱ्यांसाठी. ‘४ नंबरचं सक्शन हळू ओढतं.’ ‘डायलिसिसचे आजोबा, मान वळत नाही. जागेपणीच दुर्बिणीनं नळी. आधी हात धरा.’ नळीचं चार्टमध्ये आहेच. हात धरण्याचं तिथे नाही.

खिडकीशी एक जण विम्यावाल्याशी फोनवर बोलतोय: आम्ही गेल्यावर जुन्या केसेसचे दावे आले तर त्यांच्या विम्याचा हप्ता कुणी भरायचा? नव्या कंपनीत सही केलेली मैत्रीण सकाळपासून नजर चुकवतेय. मी तिच्यापुढे कॉफी ठेवते. “मुलगी शेवटच्या वर्षाला आहे गं,” ती म्हणते, “घर कुठे हलवू?” मी तिच्याशेजारी बसते.

दार उघडतं. नवा डॉक्टर, हातात बॅग. ॲरिझोनातून आलाय, हॉटेलात उतरलाय. “अवघड श्वासमार्गाची ट्रॉली कुठे असते?” पहिला प्रश्न हाच. माझा सकाळपासूनचा राग त्याच्यावर निघत नाही. मी त्याला नेऊन एकेक खण उघडून दाखवते.

११:३८. लेबर रूमचा फोन. एपिड्युरल हवंय, बाई कळांनी कासावीस झाली आहे. औषध सकाळपर्यंत चालेल, म्हणजे सुरुवात माझी आणि बाकीची रात्र त्याची. “चला,” मी म्हणते.

तो तिच्यासमोर स्टुलावर बसतो, नाव सांगतो, तिचे खांदे धरतो. मी पाठीत सुई घालते, कॅथेटर सरकवते. टेप तो लावतो. घड्याळात ११:५६.