कूपातलं यंत्र आणि गावातला पोरगा

मार्च २०२३मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान बल्लारपूरहून मिरवणुकीने निघालं. लाकडाचं कौतुक झालं, ते रास्तच होतं. पण हे लाकूड तोडणाऱ्या आणि ट्रकवर चढवणाऱ्या हातांना पुढे किती काम मिळेल, हा गडचिरोलीतल्या आलापल्ली-अहेरीकडच्या बारावी झालेल्या मुलांचा प्रश्न आहे.

यंत्रांचं म्हणाल, तर फिनलंड-स्वीडनमध्ये हार्वेस्टरच्या केबिनमध्ये बसून एकच माणूस झाड पकडतो, तोडतो, फांद्या साफ करतो आणि मापात ओंडके पाडतो. ते यंत्र गडचिरोलीत येईल, अशी आशा मुलांना दाखवू नये. कारण आपलं जंगल मिश्र, एकसारख्या झाडांचं नाही. शिवाय १९९६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून मंजूर कार्य आयोजनेशिवाय (वर्किंग प्लॅन) वनात तोड करता येत नाही. कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात, खूण केलेलंच झाड पडतं.

इथलं खरं यंत्र म्हणजे चेन-सॉ. पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं, कानशीने साखळीला धार कशी लावायची, इथून शिक्षण सुरू होतं. झाड ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी खाच घ्यायची, मग मागून, खाचेच्या थोडं वर कापत यायचं. मध्ये लाकडाची पट्टी राखायची. तीच झाडाला दिशा देते. ती कापली गेली, तर झाड कुठे पडेल याचा नेम नाही. पात्याचं टोक लाकडात अडकलं, तर करवत उसळून थेट तोंडावर येते. एवढं जोखमीचं काम बहुतेक जण एकमेकांचं बघूनच शिकतात, हेल्मेट आणि पायाच्या संरक्षक पँटशिवाय. हे मला सर्वांत जास्त खटकतं.

ओढाईचंही चित्र बदललं. वन विभागाच्या कमलापूरच्या हत्तींनी एके काळी ओंडके ओढले. आता ते काम ट्रॅक्टर करतात आणि डेपोत हायड्रा क्रेन ओंडके उचलते. पण पावसाळ्यात कूप बंद असतात. नुसत्या तोडीवर वर्षभर घर चालत नाही. म्हणून आयटीआयमधून ट्रॅक्टर किंवा डिझेल मेकॅनिक होणं, जेसीबी चालवायचं प्रमाणपत्र आणि जड वाहनाचा परवाना काढणं शहाणपणाचं. असा ऑपरेटर रोपवनाच्या खड्ड्यांपासून रस्त्यापर्यंत कुठेही लागतो. सूरजागडची लोहखाणही अशाच हातांना ओढते आहे.

बांबूची वाट मला अधिक भरवशाची वाटते. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाने २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११मध्ये स्वतःचा बांबू विकला. बांबू चिरायचं, पट्ट्या काढायचं यंत्र गावातच बसलं, तर पावसाळ्यातही काम राहील आणि कच्च्या मालाऐवजी तयार माल बाहेर जाईल.

वनविकास महामंडळाने आणि वन विभागाने चेन-सॉचं रीतसर प्रशिक्षण आणि विमा यांशिवाय कुणालाही कूपात उतरवू नये. आणि ग्रामसभांनो, बांबूच्या पैशातून पहिलं यंत्र घ्याल, तेव्हा ते चालवायला आणि दुरुस्त करायला गावातलाच पोरगा किंवा पोरगी आधी शिकवून तयार ठेवा.