काशीची घरपट्टी
राज्यसत्तेच्या अधिकाराला सीमा असावी हा विचार आपल्याकडे पाश्चात्य ग्रंथांतूनच आला, असे मानणाऱ्यांनी १८१० सालच्या काशीतील प्रकरण अवश्य अभ्यासावे. कंपनी सरकारने त्या वर्षी पंधरावा कायदा करून घरांवर व दुकानांवर नवी पट्टी बसविली, तेव्हा डिसेंबरात दुकाने बंद झाली, नावाडी, लोहार, विणकर आपापल्या जातीच्या पंचायतींच्या शपथांनी बांधले गेले, आणि वीस हजारांहून अधिक लोक शहराबाहेर उघड्यावर निःशस्त्र धरणे धरून बसले, असे खुद्द जिल्ह्याच्या कलेक्टराने सरकारास कळविले.

मला त्या धरण्याहूनही त्या लोकांनी सरकारकडे केलेला अर्ज अधिक मोलाचा वाटतो. पूर्वीच्या सुलतानांनी मालगुजारीचा हक्क रयतेच्या वारसाने वा खरेदीने मिळालेल्या राहत्या घरांपर्यंत कधीच नेला नव्हता, आणि स्टांप व जकातीचा बोजा आधीच वाढलेला आहे, हे त्यात मुद्देसूद मांडले होते. म्हणजे जमिनीच्या उत्पन्नात सरकारचा वाटा मान्य, निवाऱ्यावर मात्र नाही, असा भेद सामान्य कारागिरांच्या मनात स्पष्ट होता.

दंगा नव्हे, तर विचारपूर्वक दिलेला नकार होता तो. सरकारने प्रथम धर्मस्थाने व गरीबांची घरे वगळली, गर्दीपुढे नमलो असे दिसू नये म्हणून बराच काळ काढला, आणि अखेर १८१२ मध्ये तो कायदा रद्द केला. या प्रकरणाची कागदपत्रे इतिहासकार धर्मपाल यांनी १९७१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.