बीईनंतर बायोमेडिकल: आधी पैशाचं समजून घ्या

कुहीतली मुलगी इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीई झाली आणि तिला ईसीजी, डायलिसिसची यंत्रं कशी बनवतात ते पुढे शिकायचं असेल, तर घरात पहिला सवाल खर्चाचा. मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली, हे ऐकून पालक तिथंच थांबतात. अहो, ती एमफिल-पीएचडीसाठी होती! एमटेकचा रस्ता 'गेट' परीक्षेतून जातो. २०२० पासून तिच्यात बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. पण आयआयटी मुंबईच्या बायोमेडिकल एमटेकला इलेक्ट्रॉनिक्सचा पेपरही चालतो. तिथं टीए म्हणून जागा मिळाली की महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, आणि त्यासाठी अल्पसंख्याक असल्याचा दाखला लागत नाही. स्कोअर ३ वर्षं चालतो. बीईच्या तिसऱ्या वर्षातच परीक्षा देता येते, म्हणून आमचं म्हणणं, निकालाची वाट बघू नका.