घरच्या बागेतील बदके आणि मातृध्वनीची ओळख

उबवणी यंत्रात जन्मलेले बदकाचे एखादे पिल्लू घरच्या बागेत आणून सोडले, म्हणजे ते माणसाच्या पावलांमागून चालू लागते आणि माणूस दृष्टिआड होताच आर्त स्वरात ओरडू लागते. पाळणारा ह्यास पिल्लाची माया समजतो व सुखावतो. परंतु ह्या साध्या दृश्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो भाषेच्या अभ्यासकासही दुर्लक्षिता येण्यासारखा नाही. आपल्या जातीचा आवाज ओळखण्याची शक्ती प्राण्याच्या ठिकाणी उपजतच असते, की अनुभवाने येते? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या कामी बदकाइतका उपयोग फार थोड्या प्राण्यांचा झाला आहे.

‘बदक’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. बागेत पाळली जाणारी बहुतेक बदके मॅलार्ड नावाच्या रानबदकाची वंशज होत. मूळची दक्षिण व मध्य अमेरिकेतील मस्कोव्ही ही जात मात्र निराळी आहे. मॅलार्डवंशीय बदकांची अंडी सुमारे २८ दिवसांत उबतात, मस्कोव्हीची सुमारे ३५ दिवसांत. मॅलार्डकुळातील नर व मादी आवाजावरूनही ओळखता येतात. सर्वपरिचित मोठा ‘क्वॅक’ हा मादीचा असतो. नराच्या ध्वनियंत्राच्या डाव्या बाजूस अस्थिमय फुगवटा असून त्याचा आवाज घोगरा व मंद असतो.

ह्या विषयाच्या आधुनिक अभ्यासात एका घरच्या बागेस महत्त्वाचे स्थान आहे. कोन्राड लोरेन्झ हे ऑस्ट्रियात डॅन्यूब नदीकाठी आल्टेनबर्ग येथे आपल्या घरी बदके व हंसक पाळीत असत. अंड्यातून बाहेर पडलेले हंसकाचे पिल्लू प्रथम दिसलेल्या माणसामागून निमूटपणे जाते, मॅलार्डचे पिल्लू मात्र तसे जात नाही, असे त्यांना आढळले. तेव्हा त्यांनी गवतातून ओणवे रांगत, मादीसारखा आवाज अखंड काढीत पिल्लांना मागे नेले. आवाज थांबला की पिल्ले रडू लागत. कुंपणापलीकडच्या लोकांना उंच गवतात दडलेली पिल्ले दिसत नव्हती, दिसत होता तो केवळ रांगत ओरडणारा गृहस्थ. हा प्रसंग त्यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सांगितला आहे. त्यापूर्वी १९३५ च्या निबंधात त्यांनी ह्या क्रियेचे विवेचन करताना नाण्यावर छाप उठविण्याच्या अर्थाचा ‘प्रेगुंग’ हा जर्मन शब्द योजला होता. मराठीत त्यास ‘ठसा’ म्हणता येईल. हा ठसा आयुष्याच्या आरंभीच्या अल्प काळातच उमटतो. एकहार्ड हेस ह्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार मॅलार्डच्या पिल्लांत जन्मानंतरचे १३ ते १६ तास त्यास सर्वांत अनुकूल असतात.

ठसा कोणाचा उमटावा हे परिस्थितीवर अवलंबून असले, तरी मातेची हाक ओळखणे हे उपजतच असले पाहिजे, असे अनुमान येथून सहज निघते. कारण ज्या पिल्लाने आई कधी पाहिली वा ऐकली नाही, तेही तिच्या हाकेकडे ओढले जाते. डॅनियल लेर्मन ह्यांनी १९५३ मध्येच अशा अनुमानावर आक्षेप घेतला होता. ‘उपजत’ असे नाव दिल्याने गुणधर्माच्या उत्पत्तीचा शोध संपत नाही, उलट तो तेथेच खुंटतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. गिल्बर्ट गॉटलिब ह्यांच्या प्रयोगांनी ह्या आक्षेपास प्रत्यक्ष आधार मिळाला.

मॅलार्ड मादीच्या हाकेत सेकंदास सुमारे ४ स्वर असतात. कोंबडीच्या हाकेची गती त्याहून कमी असते. दोन्ही हाका ऐकविल्या असता यंत्रात उबलेले पिल्लू मॅलार्डच्या हाकेकडे जाते. परंतु अंड्यातील पिल्लू मूक नसते. कवच फुटण्यापूर्वी ते अंड्यातील हवेच्या पोकळीत चोच घालते व ओरडू लागते. ते स्वतःचा आणि शेजारच्या अंड्यांतील भावंडांचा आवाज ऐकते. गॉटलिब ह्यांनी काही पिल्लांचा आवाज अंड्यातच बंद केला आणि त्यांना इतर पिल्लांपासून दूर ठेवले. जन्मानंतर ह्या पिल्लांना मातेची हाक पूर्वीच्या अचूकतेने निवडता येईना. मात्र पिल्लांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण अंड्यातच ऐकविले असता ती शक्ती टिकून राहिली. मातेचा आवाज कानी न पडताही तो ओळखण्याची तयारी पिल्लाच्या स्वतःच्या आवाजातून होत होती. ‘आईकडून शिकलेले नाही’ एवढ्यावरून ‘अनुभवाविना आलेले आहे’ असे सिद्ध होत नाही, हा ह्या प्रयोगांचा निष्कर्ष होय.

भाषाशास्त्राशी ह्याचा संबंध जोडताना सावधगिरी हवी. एरिक लेनेबर्ग ह्यांनी १९६७ च्या ग्रंथात भाषासंपादनास वयाची विशिष्ट मर्यादा असल्याचे प्रतिपादन केले, तेव्हापासून बदकाचा ठसा व बालकाची भाषा ह्यांची तुलना होत आली आहे. परंतु हाक ओळखणे वेगळे आणि वाक्यरचना करणे वेगळे. तुलना टिकते ती पद्धतीच्या बाबतीत. नवजात बालक आईचा आवाज पसंत करते, हे अँथनी डीकॅस्पर व विल्यम फायफर ह्यांनी १९८० मध्ये दाखविले. म्हणून बालकाच्या भाषिक शक्तीतील उपजत भाग ठरविताना जन्मदिवसापासून मोजणी सुरू करणे अपुरे ठरते; गर्भावस्थेतील श्रवणही जमेस धरावे लागते.

बदके पाळणाऱ्यासही ह्यातून घेण्यासारखे आहे. एकटेच वाढविलेले पिल्लू माणसाला बिलगते, पण त्याची किंमत तेच मोजते. माणूस कामावर गेला की त्याची सोबत संपते. पुढे त्यास इतर बदकांत सोडले तरी त्यांच्यात मिसळणे त्यास कठीण जाते. नराच्या बाबतीत तर जोडीदार निवडण्याची प्रवृत्तीही चुकीच्या दिशेस वळू शकते. यास्तव अंडी एकत्र उबवावीत आणि निदान दोनतीन पिल्ले बरोबर वाढवावीत. मादीच्या पंखांखाली न वाढलेली पिल्ले भिजून गारठतात. त्यांना आरंभी ऊब द्यावी व उथळ पाण्यातही देखरेखीखालीच सोडावे. बदकांच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन हे जीवनसत्त्व अधिक लागते. ते कमी पडल्यास पाय वाकतात. मोठ्या बदकांना तळे नसले तरी चालेल, परंतु डोके पूर्ण बुडवून डोळे व नाकपुड्या धुता येतील इतके खोल भांडे बागेत असलेच पाहिजे.

अशा रीतीने वाढलेली बदके माणसामागून कमी धावतील व परस्परांशी अधिक बोलतील. पाळणाऱ्याने त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. अंड्यात असल्यापासून ज्या आवाजाची त्यांना ओळख आहे, तोच आवाज ती बागेत ऐकत असतात.