एका रक्तपेशीचा धडा

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रहास प्रारंभ झाला. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुकारलेला व कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी नेटाने चालविलेला हा लढा पुढे काही वर्षे सुरू राहिला. ज्यांच्या स्पर्शाने देव बाटतो असे म्हटले जाई, ते आमचे पूर्वज त्या दारापुढे उभे होते. त्याच १९३० साली मानवी रक्तगटांचा शोध लावणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ए, बी, एबी आणि ओ हे रक्तगट साऱ्या जातींत व धर्मांत आढळतात. पुजाऱ्याचा आणि सत्याग्रहीचा गट एकच असू शकतो. इतिहास शिकविताना आम्ही या दोन घटना एकत्र सांगतो. रक्ताविषयीच्या अज्ञानातून माणसाचा अपमान जन्मतो, हे त्यातून विद्यार्थ्यांच्या ध्यानी येते. म्हणूनच प्रस्तुत लेखात एका तांबड्या रक्तपेशीच्या आधारे शरीराची ओळख करून देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

रॉबर्ट हुक यांनी १६६५ साली बुचाच्या पातळ कापात लहान लहान कप्पे पाहिले. पुढे १८३८-३९ मध्ये श्लायडेन व श्वान यांनी सर्व वनस्पती व प्राणी पेशींचेच बनलेले असतात, हा सिद्धान्त मांडला. विशिष्ट कार्य करणाऱ्या पेशींच्या समूहास ऊती म्हणतात. ऊतींचे अवयव बनतात आणि परस्परपूरक अवयव मिळून संस्था तयार होते. आपल्या बहुतेक पेशींना पेशीपटल, पेशीद्रव्य व केंद्रक असते. केंद्रकातील गुणसूत्रांवर आईवडिलांकडून आलेली जनुके असतात.

तांबडी रक्तपेशी अस्थिमज्जेत जन्मते. पक्व होताना ती आपले केंद्रक टाकून देते व हिमोग्लोबिनने भरून जाते. तिचा आकार दोन्ही बाजूंनी खोलगट चकतीसारखा असतो आणि व्यास सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर. अशा १३० च्या आसपास पेशी एका रांगेत ठेवल्या, तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. श्वसन संस्थेतील वायुकोशांपाशी ती ऑक्सिजन घेते. हृदयाच्या आकुंचनाने ती रक्ताभिसरण संस्थेतून शरीरभर फिरते. पचन संस्थेने शोषलेली पोषकद्रव्येही रक्तातूनच प्रवास करतात. काही केशिका तर या पेशीहूनही अरुंद असतात. तेथे ती दुमडून पुढे सरकते आणि स्नायूंना, मेंदूला, मूत्रपिंडांना ऑक्सिजन पोहोचविते. सुमारे १२० दिवसांनी तिचे आयुष्य संपते. प्लीहा व यकृत यांत तिचे विघटन होते आणि तिच्यातील लोह नव्या पेशींसाठी वापरले जाते.

हे सारे कार्य तिच्या लवचीकपणावर अवलंबून आहे. हिमोग्लोबिनमधील बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची असते. जनुकातील एका बदलामुळे तिच्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा फरकाने, ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब दोरे बनतात. पेशी ताठर व विळ्याच्या आकाराची होते. ती केशिकांत अडकते आणि हाडे, सांधे असह्य दुखू लागतात. ती १० ते २० दिवसांतच नष्ट होत असल्याने रक्तक्षय होतो, डोळे पिवळे दिसतात. प्लीहा दुबळी झाल्याने जंतुसंसर्ग वारंवार होतो. हाच सिकलसेल आजार होय.

महाराष्ट्रात नंदुरबारमधील भिल्ल व पावरा, गडचिरोलीतील माडिया व गोंड या आदिवासी समाजांत, तसेच विदर्भातील अनुसूचित जाती व बौद्ध समाजात हा आजार विशेषत्वाने आढळतो. सुरगाणा, पेठ अशा आदिवासी तालुक्यांच्या आपल्या नाशिक जिल्ह्यालाही तो परका नाही. यावरून कोणी 'हलके रक्त' असा शब्द उच्चारील, तर त्यास सांगावे की, हाच बदल आफ्रिकेत, अरबस्तानात आणि ग्रीसमध्येही आढळतो. बदललेले जनुक एकाच पालकाकडून आले, तर ती व्यक्ती वाहक ठरते. वाहकास सहसा त्रास होत नाही. उलट बालपणी घातक हिवतापापासून काही संरक्षण मिळते. म्हणून हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. जातीअंतर्गत विवाह हे जातिसंस्थेचे मूळ लक्षण आहे, असे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले. बेटीबंदीची ती भिंत माणसांबरोबर त्यांची जनुकेही कोंडून ठेवते.

निवासी शाळेतील आम्हा शिक्षकांसाठी हा धडा पुस्तकापुरता राहत नाही. थंडीच्या दिवसांत एखादे मूल पाय दुखतात म्हणून अंथरुणातून उठत नाही. आम्ही त्याला आळशी म्हणतो, कवायतीला पिटाळतो. असे मूल थकते का, त्याचे डोळे पिवळे दिसतात का, हे आधी पाहिले पाहिजे. रक्ताच्या एका थेंबावर विद्राव्यता चाचणी होते व पुढील तपासणीने निदान निश्चित करता येते. भरपूर पाणी, थंडीपासून बचाव, लसीकरण, फॉलिक आम्ल आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रॉक्सियुरिया यांमुळे रुग्णाचे जीवन पुष्कळ सुसह्य होते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. वसतिगृहातील प्रत्येक मुलामुलीची तपासणी हा त्यातील आपला वाटा होय.

पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात अपत्य आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के व पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते. जातीबाहेरच्या विवाहातही दोघे वाहक असू शकतात. म्हणून विवाहापूर्वी चाचणी आवश्यक आहे. मात्र चाचणीचा कागद हाती घेऊन वाहक मुलीला नाकारणे, तिची कुजबुज करणे, ही नव्या रूपातील अस्पृश्यताच ठरेल. तथागतांनी वासेट्ठ सुत्तात समजाविले आहे की, गवत, कीटक, पक्षी यांच्यात जन्मतः भिन्न जातींच्या खुणा असतात, तशा माणसामाणसांत नसतात. ज्यांच्या पूर्वजांना मंदिराच्या दाराबाहेर थांबविले गेले, त्यांनी कोणत्याही मुलाला त्याच्या रक्तावरून आपल्या दाराबाहेर उभे करू नये, एवढेच आमचे विद्यार्थ्यांना व पालकांना सांगणे आहे.